चारोटी परिसर : देव आणि लाल बावटा

ईश्वर आहे आणि तो जगाच्या कारभारात लक्ष घालतो, ही ईश्वरवादाची भूमिका. डीइझम निर्माता मानतो. मात्र जग नियमांवर सोपवून तो बाजूला झाला, असे सांगतो. ईश्वराविषयी खात्रीने जाणता येत नाही, असे अज्ञेयवादी म्हणतो. निरीश्वरवादी ईश्वरच नाकारतो. महाराष्ट्रात हे वाद एकोणिसाव्या शतकात रंगले. डीइस्ट टॉमस पेन वाचलेल्या जोतीराव फुल्यांचा ‘निर्मिक’, म्हणजे निर्माता, डीइझमच्या जवळचा, तर गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी. पण ही चर्चा राहिली पुण्या-मुंबईच्या छापखान्यांभोवती. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत निरीश्वरवादी विचार आला तो वेठबिगारीच्या प्रश्नामागून.

डहाणूतल्या चारोटीजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीचे मंदिर आहे. इथल्या वारली आदिवासींचे देव मात्र मंदिरापुरते नाहीत. हिरवा, वाघदेव, धरतरी, धान्याची कणसरी यांचा पीक, रान आणि आजारपणाशी रोजचा संबंध. डीइझमचा अलिप्त निर्माता इथे कुणाच्या कामाचा नाही. लग्नात सवाष्णी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणत लग्न लावते. याच लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढणारा वारली त्याचा ‘लग्नगडी’ होई आणि कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, बायकोसह त्याच्याकडे राबे.

या वेठीविरुद्ध वारल्यांना संघटित करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर हे कम्युनिस्ट, म्हणजे विचाराने निरीश्वरवादी. २३ मे १९४५ रोजी तलासरीतील झरी गावात किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारल्यांची सभा झाली. वेठ बंद करण्याचा निर्धार झाला आणि पुढे लग्नगडी मोकळे झाले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

लढा कर्जाविरुद्ध होता, पालघट देवीविरुद्ध नव्हता. बावटा हाती घेणाऱ्याला आधी देव सोडावा लागला नाही, आणि चळवळ इथे रुजण्याचे ते एक मोठे कारण मानले पाहिजे. माणूस काय मानतो यावरून चार गट पाडणारी वर्गवारी त्यामुळे इथे तोकडी पडते: नेतृत्व निरीश्वरवादी, अनुयायी देवभोळे, आणि संघटना एकच.

बावटा आणि देव आजही इथे सोबत आहेत. डहाणू मतदारसंघातून २०१९ आणि २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी चैत्र पौर्णिमेपासून भरते.