ठाण्याच्या तलावांत माशीचा गळ

ठाणे, प्रतिनिधी : मासुंदा, उपवन, कचराळी आणि कल्याणचा काळा तलाव यांची ओळख या परिसरात नवी नाही. तलावाकाठी गळ टाकून बसणे हाही येथला जुनाच छंद. मात्र आमिष असते ते गांडुळाचे, नाही तर कणकेच्या गोळीचे. पिसे आणि दोरा बांधून केलेल्या कृत्रिम माशीने मासा धरण्याची पद्धत आपल्याकडे विरळाच.

नेहमीच्या गळात आमिषाचे व शिशाचे वजन दोरीला पुढे नेते. माशीला वजन नसते. त्यामुळे काठीच्या झोक्याने जाड, जड दोरीच फेकली जाते आणि तिच्या टोकाच्या बारीक तंतूवरील माशी पाण्यावर अलगद उतरते. अमेरिकेत हा छंद शिकणारे अनेकजण सुरुवात करतात ती ब्ल्यूगिल या तळहाताएवढ्या, कीटकभक्षी माशापासून. तरंगती माशी तो झडप घालून घेतो.

आपल्या तलावांत त्याच्या जागी आहे चिलापी, अर्थात तिलापिया. मूळची आफ्रिकेतील ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. उथळ पाण्यात नर बशीसारखा खळगा करतो आणि त्याची राखण करतो. ब्ल्यूगिलही तसेच करतो. पुढे मात्र दोघांची तऱ्हा वेगळी. चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते. तिचे मुख्य खाद्य शेवाळ व तळाचा गाळ असल्याने तरंगत्या माशीकडे ती सहसा ढुंकून पाहत नाही. लहान, बुडणारी माशी खळग्याजवळून हळू ओढल्यास नर तिला शत्रू समजून चावतो. भूक नव्हे, राग गळाला लागतो म्हणा ना!

तलावपाळीसारख्या गजबजलेल्या काठावर दोरी मागे उडवणे धोक्याचे. तेथे दोरी पाण्यावरूनच वळवून पुढे टाकण्याची रीत शिकावी, आणि आकड्याचा काटा पकडीने दाबून टाकावा. गळ टाकण्यास महापालिकेची मुभा आहे का, याची चौकशी आधीच केलेली बरी.

खरा प्रश्न मासा धरल्यानंतरचा आहे. चिलापी काही महिन्यांतच वयात येते आणि उष्ण पाण्यात वारंवार पिल्ले देते. गर्दी वाढली की मासे खुरटतात. रोहू, कटला यांच्या वाट्याचे अन्न व जागाही जाते. सांडपाण्याने शेवाळ माजलेल्या तलावात पहाटे प्राणवायू घटतो, इतर मासे मरतात आणि चिलापी बहुधा तगून राहते. जपानचा अनुभव बोलका आहे. तत्कालीन युवराज अकिहितो यांनी १९६० मध्ये अमेरिकेतून भेट मिळालेले ब्ल्यूगिल मायदेशी नेले. पुढे ते बिवा सरोवरातही पसरले आणि स्थानिक माशांना भारी पडले. २००७ मध्ये, सम्राट असताना, अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

म्हणूनच पकडलेली जिवंत चिलापी बादलीत घालून दुसऱ्या तलावात वा विहिरीत कदापि सोडू नये. ज्या तलावात सांडपाणी मिसळते, तेथील मासा ताटात घेणेही टाळावे.