माल आणि फेरिस्त

लिनक्सवर अमुक पॅकेज बसत नाही अशी कैफियत घेऊन जो येतो, त्याचा संशय प्रथम मालावर असतो. परंतु या व्यवहाराची गेल्या तीस वर्षांची दप्तरे चाळली, तर माल बहुतेक वेळा कोठारात निमूट पडलेला आणि दोष फेरिस्तीत, म्हणजे कोठारातील पॅकेजांच्या यादीत, असेच आढळून येते.

प्रारंभी फेरिस्त नावाची वस्तूच नव्हती. 1993 साली पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी स्लॅकवेअर सिद्ध केले, तेव्हा ते फ्लॉपींच्या गठ्ठ्यांतून बसविले जाई, आणि कोणत्या जिनसाचे कोणावाचून अडते हे ध्यानात ठेवण्याची जोखीम बसविणाऱ्याच्या शिरावर असे. त्याच वर्षी इयान मर्डॉक यांनी आरंभिलेले डेबियन आणि 1995 मध्ये रेड हॅटने आणलेले आरपीएम यांच्या योगे ही गरज पॅकेजाच्या अंगावरच नोंदली जाऊ लागली. पण यंत्र ‘अमुक नाही’ एवढेच सांगे, ते कोठे मिळेल हे सांगत नसे, आणि एकासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे हुडकता हुडकता रात्र सरे. तो जाच 1999 च्या डेबियन 2.1 मधील ‘ॲप्ट’ने पुष्कळसा हलका केला, कारण कोठाराची फेरिस्त वाचून लागेल ते पॅकेज ते स्वतःच हुडकी.

आपल्याकडे या फेरिस्तीला निराळेच महत्त्व आले. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वांस खुले केले खरे, परंतु 28.8 किलोबिटच्या मोडेमवरून 650 मेगाबाइटची सीडी उतरवून घ्यावयाची तर, तार एकदाही न तुटता, दोन दिवस नि दोन रात्री लागत, आणि फोनचे मीटर चालू राही ते निराळेच. म्हणून 1996 पासून पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबत येणारी तबकडी हेच अनेकांचे कोठार झाले. 2002 चे डेबियन 3.0 तर सात तबकड्यांचे होते. ‘ॲप्ट-सीडीरॉम’ प्रत्येकीची फेरिस्त एकदा उतरवून घेई, आणि पुढे अमुक नावाची तबकडी घालून एंटर दाबा, असे फर्मान सोडी. शेजारी उसनी नेलेली पाचवी तबकडी नेमकी त्याच वेळी हवी असे.

पुढे हार्ड डिस्क ऐसपैस झाल्या, तबकडीची आयएसओ प्रतिमाच त्यांवर ठेवून ‘लूप’च्या द्वारे माउंट करण्याचा प्रघात पडला, आणि जुन्या तक्रारींनी नवा वेष घेतला. विंडोजवर उघडून नक्कल केलेल्या तबकडीतली लांबलचक नावे ज्युलिएट पद्धतीच्या 64 अक्षरांच्या मर्यादेत कापली जात, आणि फेरिस्तीतील नाव नि कोठारातील नाव यांचा मेळ बसेनासा होई. एफएसटॅबमध्ये नोंद नसली की यंत्र पुन्हा सुरू होताच कोठार अदृश्य होई. सेंटओएसने तबकडीसाठी फाइल तयार दिलेली असे, पण तीत ‘एनेबल्ड’पुढे शून्य. 2019 च्या रेड हॅट 8 मध्ये तर एका डीव्हीडीवर ‘बेसओएस’ आणि ‘ॲपस्ट्रीम’ अशी दोन कोठारे, प्रत्येकाची ‘रेपोडेटा’ निराळी. डीव्हीडीच्या दारातच फेरिस्त शोधणाऱ्यास ती कशी सापडावी?

शिक्क्याची गोष्ट याच प्रकरणातली. 2007 च्या डेबियन 4.0 पासून फेरिस्तीवर सही तपासली जाऊ लागली, आणि चावी नाही म्हणून अडलेला मनुष्य तपासणीच बंद करून मोकळा होऊ लागला. जामदारखान्याचा पहारेकरी हटवून माल उचलण्याचा हा प्रकार मला कधीच रुचला नाही, कारण चावी बहुधा त्याच तबकडीवर ठेवलेली असते.

इंटरनेट नसलेल्या एका प्रयोगशाळेत मी स्वतः अर्धी दुपार घालविली, ती याहूनही क्षुल्लक कारणाने. कोठाराच्या पत्त्यात ‘फाइल’ आणि अपूर्णविराम यांपुढे तीन तिरप्या रेघा हव्यात. दोन रेघा रीतीच्या, तिसरी मूळ डिरेक्टरीची. मी दोनच दिल्या होत्या, आणि पुढचे ‘एमएनटी’ हे एखाद्या परक्या यंत्राचे नाव ठरत होते. प्रतिमेची पडताळणी-बेरीज (चेकसम) मी तोवर दोनदा तपासली होती, तबकडी नव्याने मागविण्याची तजवीजही चालविली होती. तिसरी रेघ मारली, जुना साठा ‘क्लीन ऑल’ने पुसला, आणि पॅकेजांची यादी पडद्यावरून सरकू लागली.