कोशिएनच्या मैदानावरील मुलें

साथीच्या रोगानें मोडलेला बाजार पुन्हा भरतो, थांबलेली आगगाडी पुन्हा सुटते आणि एका वर्षाची खोट व्यापारी पुढल्या वर्षीं भरून काढतो. शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुलाला मात्र ही सवड नसते. त्याचें वर्ष गेलें म्हणजे गेलेंच. म्हणून साथीच्या काळांत शालेय खेळ केव्हां आणि कोणत्या बंधनांखालीं पुन्हा सुरू करावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. कोरोनाच्या साथींत, २०२० ते २०२२ या तीन वर्षांत, जपानला तो कसा सोडवावा लागला याचा वृत्तांत आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

जपानांतील माध्यमिक शाळांची बेसबॉलची उन्हाळी स्पर्धा १९१५ सालीं सुरू झाली. पुढें १९२४ सालीं ओसाका व कोबे या शहरांच्या दरम्यान कोशिएन नांवाचें विस्तीर्ण क्रीडांगण उभें राहिलें आणि लोक स्पर्धेलाच त्या मैदानाच्या नांवानें ओळखूं लागले. प्रांतोप्रांतीं चुरशीचे सामने होऊन अखेर एकूणपन्नास संघ तेथें पोंचतात. एकदां हार झाली कीं परतीची वाट. हरलेलीं मुलें जातांना मैदानांतील काळी माती पिशवींत भरून घरीं नेतात. तालमींतील माती अंगाला लावणाऱ्या आपल्या मल्लांना यांतला भाव समजावून सांगावयास नको. ही स्पर्धा १९१८ सालीं तांदुळाच्या महागाईवरून उसळलेल्या दंग्यांमुळें रद्द झाली होती. युद्धाच्या छायेंत १९४१ सालीं ती पुन्हा बंद पडली, ती १९४६ सालीं सुरू झाली.

२०२० च्या मार्च महिन्यांत प्रथम वसंतऋतूंतील स्पर्धा रद्द झाली आणि २० मे रोजीं उन्हाळी स्पर्धाहि रद्द झाल्याचें जाहीर झालें. रोग नवा होता, लस नव्हती. अशा वेळीं दार लावून घेण्याला कोणी दोष देऊं शकणार नाहीं. परंतु चालकांनीं दार लावून हात झटकले नाहींत. वसंतस्पर्धेसाठीं निवडलेल्या बत्तीसहि संघांना त्यांनीं ऑगस्टमध्यें कोशिएनवर बोलावलें आणि प्रत्येकाला एकेक सामना दिला. सामान्य प्रेक्षकांना मज्जाव होता. सोळा सामने झाले आणि त्यांतून कोणीहि अजिंक्य ठरावयाचा नव्हता. प्रांतिक संघटनांनीं आपापल्या भागांत पर्यायी सामने भरविले. हान्शिन टायगर्स या धंदेवाईक संघानें तर शेवटच्या वर्गांतील सुमारे ५०,००० खेळाडूंना कोशिएनची माती घातलेली किल्ल्यांची सांखळी भेट दिली. चषक नाहीं, जयघोष नाहीं. मग यांत काय उरलें, असें कोणी विचारील. उरलें तें एवढेंच कीं, तीन वर्षें केलेल्या मेहनतीला एक शेवट मिळाला.

पुढील वर्षाची कसोटी अधिक अवघड होती. मार्च २०२१ मध्यें रोजीं दहा हजार प्रेक्षकांच्या मर्यादेंत वसंतस्पर्धा भरली. उन्हाळ्यांत साथीनें पुन्हा उचल खाल्ली, तरी शाळेशीं संबंध असलेल्या माणसांखेरीज इतरांना बाहेर ठेवून खेळ सुरू झाले. मियाझाकी शोग्यो आणि तोहोकु गाकुइन या दोन शाळांच्या खेळाडूंत लागण आढळली. पहिल्या शाळेला एकहि सामना न खेळतां, तर दुसरीला एक सामना जिंकल्यावर, स्पर्धा सोडावी लागली. हे दोन्ही संघ मैदानावर हरले नव्हते.

त्याआधीं जुलैंत तोत्तोरी प्रांतांत याहून बोलकें प्रकरण घडलें. योनागो शोइन या शाळेशीं संबंधित एका व्यक्तीला लागण झाली. ती व्यक्ति संघांतील नव्हती, तरीहि नियमावर बोट ठेवून संघाला माघार घ्यावी लागली. संघाच्या कर्णधारानें जाहीरपणें दाद मागितली, लोकांनीं ती उचलून धरली आणि थोड्याच दिवसांत निर्णय फिरला. न खेळतां मिळालेला विजय बाजूला ठेवून प्रतिपक्षी शाळा मैदानांत उतरली. लागण कशी होते याचें ज्ञान वर्षभरांत पुष्कळ वाढलें होतें. नियम मात्र मागेंच राहिला होता.

तथापि बंधनें सैल करूं पाहणाऱ्यांनीं दुसरी बाजूहि नजरेआड करूं नये. अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत डिसेंबर २०२० मध्यें माध्यमिक शाळांच्या कुस्त्या झाल्या. कुस्तींत अंगाला अंग भिडणारच. मल्ल, शिक्षक व पंच मिळून १३० जणांपैकीं ३८ जण बाधित निघाले आणि त्यांच्या संपर्कांत आलेली एक प्रौढ व्यक्ति दगावली. मुलांच्या खेळाचा दंड घरांतील वडीलधाऱ्यांना भरावा लागतो, तो असा.

म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यांत जपाननें काढलेली तोड लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बाधित खेळाडूनें बाजूला राहावें, त्याच्या जागीं दुसरा घ्यावा आणि अडचणींतील संघाचा सामना पुढें ढकलावा, अशी मुभा देण्यांत आली. लागण आढळलेल्या चार शाळांचे पहिले सामने लांबणीवर टाकले गेले आणि त्या चारहि शाळा खेळल्या. त्या वर्षीं सेन्दाइ इकुएइ शाळेनें तोहोकु भागाला या स्पर्धेंतील पहिलें अजिंक्यपद मिळवून दिलें. साथीच्या काळांत जपानी लोकांना ‘मित्सु’, म्हणजे दाटी, टाळावयास सांगितलें जात असे. तोच शब्द घेऊन विजयी संघाचे मार्गदर्शक सुए वातारू म्हणाले कीं, तारुण्य हीच मुळीं फार दाटीची गोष्ट आहे. सारा देश त्या वाक्यानें हेलावला.

साथ पुन्हा येणार नाहीं अशी ग्वाही कोणीहि देऊं शकत नाहीं. ती आली म्हणजे आपल्याहि शाळांची मैदानें कांहीं काळ ओस पडतील. तीं पुन्हा उघडतांना मुख्याध्यापकांच्या टेबलावर जी नियमावली असेल, तींत दोन ओळी आधींच लिहिलेल्या असाव्या: आजारी मुलाला घरीं ठेवा, आणि निरोगी मुलाचा सामना रद्द करण्यापूर्वीं त्यासाठीं दुसरा दिवस शोधा.