अंकुराची वाढ

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी कुंडीत वाटाणा पेरून तयार केलेला मूक लघुपट. काळ १९१२ च्या सुमाराचा. लांबी मिनिटभराची किंवा थोडी अधिक सांगितली जाते. यात नट नाहीत, पोशाख नाहीत, कथा नाही. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल आधाराला धरून चढते, आणि महिन्याभराचा काळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून मिनिटभरात सरकतो. भारतातील अ‍ॅनिमेशनचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा याच रोपापासून होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या कीर्तीखाली हा प्रयोग झाकला गेला असला, तरी त्या चित्रपटाला भांडवल मिळण्यात या कुंडीचा वाटा मोठा आहे.

पार्श्वभूमी : फाळके यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा. मुंबईची जे. जे. कलाशाळा (१८८५) आणि बडोद्याचे कलाभवन (१८९०) येथे शिक्षण. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील आरेखन, शिळाछपाई, छापखाना असे व्यवसाय त्यांनी केले. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करत. आडनावाची अक्षरे उलटी मांडून हे नाव तयार झाले होते. १९११ च्या ईस्टरला मुंबईत गिरगावच्या तंबू-थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांना या उद्योगाचा ध्यास लागला. पुढे डोळ्यांनी दगा दिला, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या ओळखीने ते निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहू शकले. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते एप्रिलमध्ये परतले.

निर्मिती : पैसे लावणाऱ्यांना चित्रपट म्हणजे काय हे दाखवणे भाग होते. फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडी-थोडी फिल्म खर्ची घातली. हा लघुपट निवडक मंडळींना दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्जाची तयारी दर्शवली. हे लंडनहून परतल्यावर घडले की त्याआधीच, साध्या कॅमेऱ्यावर, याविषयी चरित्रकारांत एकवाक्यता नाही. यंत्रसामग्रीचा विचार करता परतीनंतरचा काळ अधिक पटतो.

तंत्र : त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हँडलचा एक फेरा म्हणजे आठ चित्रे; सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटावर सोळा चित्रे मावत असल्याने फूटभर फिल्म सेकंदभरात संपे. युक्तीच्या दृश्यांसाठी काही कॅमेऱ्यांना हँडलचा दुसरा दांडा जोडता येई, ज्याच्या एका फेऱ्यात एकच चित्र उमटे. वाढत्या रोपाचे चित्रण या सोयीवर उभे असते. वस्तू जागेवर, कॅमेरा जागेवर, मधला वेळ मात्र गाळलेला.

‘रोज एक चित्र’ अशी हकिकत पुस्तकांतून फिरते. तिचा हिशेब जुळत नाही. रोज एक चित्र घेतले तर महिन्यात तीस चित्रे होतात आणि पडद्यावर ती दोन सेकंदांत संपतात. मिनिटभराच्या लघुपटाला सुमारे ९६० चित्रे लागतात, म्हणजे दिवसाला बत्तीस. उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. यावरून एक तर लघुपट सांगितला जातो त्याहून पुष्कळ आखूड असावा, किंवा फाळके रोज अनेकदा कुंडीसमोर उभे राहत असावेत. दुसरी शक्यता त्यांच्या चिकाटीला अधिक शोभते. काही वर्णनांत रोपाला शेंगा धरल्याचेही येते. वाटाण्याला पेरणीपासून शेंगा भरेपर्यंत साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे त्या वर्णनांना चित्रणाचा काळ वाढवून घ्यावा लागतो.

या कामातल्या अडचणी आजही त्याच आहेत. प्रत्येक चित्राला उजेड सारखा मिळाला नाही तर पडद्यावर लुकलुक दिसते. कुंडीला कुणाचा धक्का लागला तर रोप उडी मारते. वेल उजेडाकडे झुकते आणि चौकटीबाहेर जाते. फिल्म आठवडेच्या आठवडे कॅमेऱ्यातच राहते, आणि सगळे साधले की नाही हे ती धुतल्यावरच कळते.

समकालीन प्रयोग : वनस्पतींच्या वाढीचे असे चित्रण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या आसपास केले होते. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ १९१० मध्ये आला. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्या नाचवल्या होत्या. फाळके यांनी यांपैकी काय पाहिले असेल ते असो, भारतात हे काम करणारा माणूस एकटा होता. फिल्म परदेशातून यायची आणि कॅमेरा दुरुस्त करायचा तर तो स्वतःच.

घरचा सहभाग : सरस्वतीबाई फाळके यांच्याशिवाय हा इतिहास अपुरा आहे. कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. तिच्या कडांना अंधारात छिद्रे पाडण्याचे काम त्या शिकल्या. फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे आणि चित्रपटाच्या कारखान्यातील माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. दागिने गहाण ठेवण्यासही त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये रोहिताश्व झाला, मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये कृष्ण. हेपवर्थ यांनीही ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ (१९०५) मध्ये पत्नी, तान्ही मुलगी आणि कुत्रा यांनाच उभे केले होते. दोन्हीकडे घर हाच पहिला स्टुडिओ होता.

अन्य अ‍ॅनिमेशन : ‘आगकाड्यांची मौज’ (आगकाड्यांची हालचाल), ‘लक्ष्मीचा गालिचा’ (नाणी), ‘विचित्र शिल्प’. पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म वेळेवर मिळेनाशी झाली, तेव्हा थोड्या फुटांत पूर्ण होणारे असे लघुपट फाळके यांना सोयीचे ठरले. त्यांची वर्षे निरनिराळी दिली जातात. तळेगावच्या काचकारखान्यावरचा माहितीपट आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’ (१९१७) ही कामेही याच वृत्तीची आहेत. एखादी गोष्ट कशी घडते हे उलगडून दाखवणे त्यांना मनापासून आवडे.

प्रत : उपलब्ध नाही.

अग्रक्रमाचा प्रश्न : दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झाला. पहिला भारतीय चित्रपट कोणता, ‘पुंडलिक’ की ‘राजा हरिश्चंद्र’, हा वाद कथापटांपुरता आहे. त्याचा या लघुपटाशी संबंध नाही.

वारसा : प्रभात फिल्म कंपनीचा ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट १९३४ चा. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स यांनी प्रशिक्षण दिले. ‘द बनियन डिअर’ (१९५७) हे त्या विभागाचे सुरुवातीचे काम. परेश मोकाशी दिग्दर्शित ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा फाळके दांपत्याच्या या खटाटोपावरचा मराठी चित्रपट. फाळके नंदू माधव यांनी आणि सरस्वतीबाई विभावरी देशपांडे यांनी साकारल्या. तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवण्यात आला. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांनी हा चित्रपट आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष जोडीने पाहावेत. जादूगार, छापखानेवाला आणि छायाचित्रकार हे तिन्ही फाळके त्यांत एकत्र भेटतात.