खत, पिग्मी, मँडेट

जोयडा तालुक्यात कर्ज काढायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडतो तो जमिनीच्या कागदापाशी. तालुका बहुतेक जंगलाचाच. इथल्या कुणब्यांच्या कुमरी शेतीला, म्हणजे जंगल तोडून-जाळून करायच्या फिरत्या शेतीला, इंग्रजांच्या वनखात्याने लगाम घातला, आणि कसणारा एक, कागद दुसऱ्याचा हा घोळ तिथपासून सुरू झाला. २००६च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळाला, तरी तो वारसाकडे जातो पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. असा पट्टा तारण म्हणून कोण घेणार? तेव्हा गणेशगुडीच्या बाजूला काळी नदीच्या राफ्टिंगवर होमस्टे चालवणाऱ्याला दोन खोल्या वाढवायच्या असतील, तर दाखवायला त्याच्याकडे उरतं ते बँकेचं खातं. कर्ज देणाऱ्या कंपनीचं ॲपही तेच मागतं: धंद्याचं खातं जोडा.

ही मागणी नवी दिसते, पण हिचं मूळ बरंच मागे आहे. जुन्या व्यवहारात खातं असायचं सावकाराच्या खतावणीत, आणि खतावणी सावकाराच्या घरात. कुळाने किती फेडलं हे कुळालाच कळत नसे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात (जोयड्याच्या सुप्याशी याचं नातं फक्त नावाचं) दंगा पेटला, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांना हवी होती कर्जाची खतं आणि वह्या, जाळायला. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं: भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितलं तर पासबुक, हा ऋणको शेतकऱ्याचा हक्क ठरला. हिशेबाची एक प्रत कर्जदाराच्या हातात यावी, हे कायद्याने इथे मान्य केलं. जोयडा ज्यात येतो तो कारवार जिल्हा १८६२पासून मुंबई इलाख्यात होता, पण हा कायदा सुरुवातीला मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरताच राहिला.

पुढे १९०४चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, १९०५मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळची सोसायटी, १९२०मध्ये शिरसीची जिल्हा मध्यवर्ती बँक. सोसायटीत वही गावाची झाली आणि शेजारी जामीन राहू लागला. पण हे सगळं पिकापुरतं. दुकानदाराला, गाडीवाल्याला, खानावळ चालवणाऱ्या बाईला त्यात फारशी जागा नव्हती.

त्यांची सोय झाली ती उडुपीहून. तिथे टी. एम. ए. पै यांच्या पुढाकाराने १९२५मध्ये सुरू झालेल्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८मध्ये पिग्मी काढली. एजंट रोज दारात यायचा, दोन आणेसुद्धा घ्यायचा आणि कार्डावर मांडायचा. कारवार, बेळगाव, गोवा, कोल्हापूर या पट्ट्यात पिग्मी एजंट माहीत नाही असा दुकानदार विरळा. पिग्मी मुळात बचत होती, पण पतसंस्थांनी तिच्यात दुसरी गोष्ट हेरली. जो माणूस रोज थोडे का होईना बाजूला टाकतो, तो रोज हप्ताही भरू शकतो. मग पिग्मीवर कर्ज मिळू लागलं. सातबारा नसलेल्या, किंवा इकडच्या भाषेत आरटीसीत नाव नसलेल्या माणसाच्या रोजच्या गल्ल्यालाच पत आली. आजच्या ॲपचा खरा आजा मला हा एजंट वाटतो.

१९९२मध्ये नाबार्डने पाचशे बचतगट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला आणि ‘बँक लिंकेज’ हे शब्द खेड्यातल्या बायकांच्या तोंडी रुळले. त्याच सुमारास चेक हे हत्यार झालं होतं. १९८८च्या दुरुस्तीने चेक न वटणं हा गुन्हा ठरला, आणि धनको कोरे किंवा पुढच्या तारखांचे चेक सही करून आधीच घेऊन ठेवू लागले. चेकची जागा आता नॅचच्या मँडेटने घेतली आहे. एकदा मंजुरी दिली की ठरल्या तारखेला हप्ता खात्यातून आपोआप जातो.

म्हणून खातं जोडणं म्हणजे एक गाठ नसते, तीन असतात. पहिली पडताळणीची: एक रुपया पाठवून खातं त्याच नावाचं आहे का, हे पाहतात. दुसरी बघण्याची: मागच्या काही महिन्यांचं स्टेटमेंट. यासाठी एकेकाळी काही ठिकाणी नेटबँकिंगचा पासवर्डच मागत, म्हणजे तिजोरी दाखवा म्हणत किल्लीच घेत. रिझर्व्ह बँकेने २०१६मध्ये नियम केलेली अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था २०२१मध्ये चालू झाली. तिच्यात किती काळाची माहिती, कशासाठी, किती दिवस, हे लिहून संमती द्यायची असते, ती मागेही घेता येते, आणि मधल्या कंपनीला ती माहिती वाचता येत नाही. तिसरी गाठ काढून घेण्याची, म्हणजे मँडेट. घाईत तिन्हींवर बोट एकदमच पडतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनी आणखी एक केलं: कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी आणि हप्ताही थेट धनकोकडे जायला हवा, मधल्या ॲपवाल्याच्या खिशातून नव्हे.

तरी जोयड्यात हे सगळं थोडं तिरकंच बसतं. पावसाळ्यात पाहुणे ओसरतात, खातं कोरडं पडतं. बाजारात विकलेली कंदमुळं, कोकम, काजू यांचे रोख पैसे तर खात्यात कधी दिसतच नाहीत. जुन्या सावकाराला इथला पाऊस ठाऊक असे, आणि त्याच माहितीच्या जोरावर तो कूळ दाबूनही ठेवी. स्टेटमेंट वाचणाऱ्या यंत्राला पाऊस ठाऊक नसतो. त्याला जुलै म्हणजे मंदावलेला धंदा दिसतो. क्यूआरवर आलेल्या पैशातून रोज थोडं कापून घेणारी कर्जं या बाबतीत बरी म्हणायची. ही उलटी पिग्मीच: गल्ला आला तर कपात, नाही आला तर निदान त्या दिवशी नाही. पण ठरावीक तारखेचा हप्ता असेल तर ऑगस्टमध्ये मँडेट परत जातं, आणि बँक व कंपनी दोघीही दंड लावू शकतात. तेव्हा सही करण्याआधी पावसाळ्याचे हप्ते लहान करून मिळतात का, एवढं विचारून घ्यावं. मुदतीचं कर्ज एकदा सुरू झालं की ते बदलायला कुणी सहसा तयार नसतं.

सावकारीत कर्ज फिटलं की खत परत घेऊन फाडायचं, अशी रीत होती. आता फाडायला कागद नाही. शेवटचा हप्ता गेल्यावर बेबाकीचा दाखला घ्यायचा, मँडेट बँकेतून रद्द करायचं आणि संमती ॲपमधून मागे घ्यायची, ही तीन वेगवेगळी कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं होत नाही. आणि जिथे फोनला रेंज नाही, ओटीपी वेळेवर पोचत नाही, त्या वाड्यांतल्या माणसाला या तिन्हींसाठी जोयडा नाहीतर रामनगर गाठावं लागतं.