बँकेचे मोल कसे ठरवावे?

वाचकहो, समजा एखाद्याच्या बांधावर आंब्याचे जुने झाड आहे आणि ते सरकारी रस्त्यात जाणार आहे. भरपाई किती द्यावयाची? अंमलदार म्हणेल, "तोडल्यावर इतके लाकूड निघेल, लाकडाचा भाव हा, घ्या पैसे." मालक म्हणेल, "अहो साहेब, मी काय झाड सरपणासाठी राखलं होतं? दर साल त्याचा आंबा बाजारात जातो, अजून वीस वर्षं गेला असता!" दोघेही हिशेबच करीत आहेत; पण एक लाकूड मोजतो आहे आणि दुसरा उत्पन्न. चालत्या धंद्याचे मोल करू लागले की नेमका हाच तंटा उभा राहतो. आपल्या देशात तो फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला १९६९ साली, चौदा बँकांच्या निमित्ताने.

१९ जुलै १९६९ रोजी हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या सहीने वटहुकूम निघाला. ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या. पुढच्याच महिन्यात संसदेने त्याचा कायदा केला. या चौदांत मुंबईची सेंट्रल बँक होती, तशी आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. ही बँक १९३५ साली नोंदली गेली आणि १९३६ च्या फेब्रुवारीत तिचे कामकाज सुरू झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे हे तिच्या संस्थापकांपैकी एक.

हेतूबद्दल मला शंका नाही. त्या साली देशात व्यापारी बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या आणि त्यांपैकी खेड्यांत होत्या जेमतेम अठराशे. शेतकऱ्याला कर्ज देणे हे बँकेचे काम आहे, असे फार थोड्या बँकांना वाटत असे. पण हेतू चांगला असला, तरी घेतलेल्या वस्तूचे दाम काय, हा प्रश्न उरतोच.

बँक म्हणजे असते तरी काय? इमारत, तिजोरी, मेजे-खुर्च्या, दिलेली कर्जे, घेतलेल्या ठेवी. एवढेच का? नाही. परक्या माणसाने आपली शिल्लक त्या खिडकीतून आत सरकवावी आणि घरी जाऊन निवांत झोपावे, हा जो विश्वास आहे, त्याचे काय? तालुक्याच्या पेठेतली आडत घ्या. वजनकाटा, गादी, चार पोती बारदान यांची किंमत ती कितीशी! पण तीस वर्षे गावोगावचे शेतकरी बैलगाडी थेट त्याच दारात सोडतात, ती खरी मिळकत. व्यापारी तिला पत म्हणतात, नाव म्हणतात. कायद्याच्या भाषेत गुडविल. लॉर्ड एल्डन या इंग्रज न्यायाधीशाने १८१० साली तिची साधी फोड केली होती : जुने गिऱ्हाईक जुन्याच जागी येत राहील, ही शक्यता.

१९६९ च्या कायद्याने भरपाईची रीत घालून दिली ती अशी : मालमत्ता मोजा, देणी वजा करा, उरेल ते द्या. पण मालमत्तेच्या यादीत गुडविलला जागाच नव्हती. लांब मुदतीच्या पट्ट्यांनी घेतलेल्या जागांची उरलेली वर्षेही हिशेबात नव्हती. इमारतींची तर गंमतच होती. बाजारभाव एकीकडे काढायचा आणि दुसरीकडे दुरुस्ती, पट्टी वगैरे वजा जाता उरणाऱ्या वार्षिक भाड्याची बारा पट काढायची. आणि या दोहोंत जो आकडा लहान, तो धरायचा. समजा निव्वळ भाडे वर्षाला १,००० रुपये येते, तर बारा पट झाले १२,०००. बाजारात इमारतीला ४०,००० येत असले तरी मालकाच्या हाती १२,०००च! तेही रोख नव्हेत. दहा किंवा तीस वर्षांच्या सरकारी रोख्यांत.

रुस्तम कावसजी कूपर हे यांपैकी काही बँकांचे भागधारक. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांची बाजू मांडली नानी पालखीवाला यांनी. अकरा न्यायमूर्ती बसले. १० फेब्रुवारी १९७० रोजी निकाल लागला : दहा एका बाजूला, न्या. ए. एन. राय एकटे दुसऱ्या बाजूला. बहुमताचा निकाल न्या. जे. सी. शहा यांनी लिहिला. बँका घेण्याचा अधिकार संसदेला आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण धंद्याचे महत्त्वाचे घटकच वगळून केलेला हिशेब भरपाई या नावाला पात्र नाही, असे ठरवून कायदा रद्द केला.

मग सरकारने काय करावे? चार दिवसांत नवा वटहुकूम! पाठोपाठ कायदाही झाला. या वेळी रीत वगैरे काही सांगितलीच नाही. प्रत्येक बँकेपुढे थेट आकडा लिहिला. सेंट्रल बँकेला १७ कोटी ५० लाख, बँक ऑफ महाराष्ट्रला २ कोटी ३० लाख. चौदांचे मिळून ८७ कोटी ४० लाख. शिक्षक मंडळींना मी काय सांगावे? मुलाने गणिताची रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिले, तर आपण त्याला पुरे गुण देत नाही. पुढे १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने तर 'भरपाई' हा शब्दच काढला आणि तेथे नुसती 'रक्कम' आली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनही गेला.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. सरकार घेताना मालक म्हणतो, माझ्या नावाला मोठे मोल आहे. तोच मालक कर भरताना म्हणतो, नावाचे कसले मोल, चार खुर्च्या तर आहेत! १९५३ पासून १९८५ पर्यंत मृताच्या मिळकतीवर कर होता आणि १९५७ पासून २०१५ पर्यंत संपत्तीकर होता. त्या काळात पेढीचे मोल जितके कमी दिसेल तितके वारसांना बरे असे. एकच पेढी, एकच वही, आणि किंमती दोन! यात लबाडी असते तशी खरी अडचणही असते; कारण पत तराजूत घालता येत नाही.

ही अडचण १९८१ साली सर्वोच्च न्यायालयातही दिसून आली. अगरबत्ती बनविणाऱ्या एका पेढीने धंदा दुसऱ्या पेढीला दिला, त्यात गुडविलचेही पैसे आले. करखाते म्हणाले, हा नफा, यावर कर भरा. पण नफा म्हणजे विक्रीतून खरेदी वजा. आणि स्वतःच्या कष्टाने वर्षानुवर्षे कमावलेल्या नावाची खरेदी कोणत्या दिवशी, किती रुपयांना झाली? ते सांगता येत नाही म्हणून हा कर बसत नाही, असा निकाल झाला. १९८७ साली सरकारने कायदा दुरुस्त केला : अशा नावाची खरेदी शून्य धरावी. तेव्हापासून पेढीवाल्याने नाव विकले, की मिळालेला रुपयान् रुपया नफ्यात मोजला जातो.