दख्खनची वाइन-द्राक्षे
नाशिक व लगतच्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यांच्या पट्ट्यातील वाइन-द्राक्षशेती. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष-प्रक्रिया धोरण आखले, म्हणून या वाइनला परंपराच नाही, असे म्हटले जाते. हा आक्षेप बाटलीपुरता खरा, वेलीपुरता नाही. पुढे 1499 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत आलेल्या दौलताबादेत द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे प्रवासी इब्न बतूताने चौदाव्या शतकातच नोंदवले होते. इथे युरोपासारखी वेलीला झोपवणारी थंडी नाही. म्हणून बागायतदार एप्रिलात खरड छाटणी करून काडी तयार करतो आणि पावसाळ्यानंतर त्याच काडीवर मोजके डोळे राखून फळछाटणी घेतो. मूळच्या फ्रान्समधल्या शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ या जातींना हीच पद्धत लावली गेली. परदेशी तज्ज्ञ व थंड टाक्या नसत्या तर वाइन झाली नसती, हे मान्य. पण टाकीत पडणारे द्राक्ष मात्र इथल्या कात्रीनेच घडवले. फ्रान्समध्ये तोडणी साधारण सप्टेंबरात होते, इथे ती जानेवारी ते मार्चमध्ये उरकते.